उच्च रक्तदाब : मुकाट्याने पोखरणारा विकार

'बीपी' हा शब्द ठाऊक नसलेले घर आज शहरात शोधूनही सापडणार नाही. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची गोळी न्याहारीबरोबर ठरलेली असते. एखाद्या प्रसंगी कोणी संतापले, की 'त्यांचा बीपी वाढला' असे आपण सहज म्हणून जातो. या विकाराची आपल्याला सवय झाली आहे. समज मात्र त्या मानाने फारच तोकडी आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला किंवा त्यासाठी त्यांचे औषध चालू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील ३० ते ७९ या वयोगटात उच्च रक्तदाबाचे सुमारे १८ कोटी ८० लाख रुग्ण आहेत. अशा शंभर रुग्णांपैकी निदान झालेले अवघे ३७, उपचार घेणारे ३० आणि रक्तदाब खरोखर आटोक्यात असलेले केवळ १५. उरलेल्या ८५ जणांचे काय, हा या लेखाचा विषय आहे.

रक्तदाब म्हणजे काय?

हृदय हा एक स्नायूंचा पंप आहे. मिनिटाला साधारण सत्तर वेळा आकुंचन पावून तो सुमारे पाच लिटर रक्त शरीरभर फिरवतो. दिवसाकाठी हे ठोके एक लाखाच्या घरात जातात. रक्त वाहताना रोहिण्यांच्या, म्हणजे शुद्ध रक्तवाहिन्यांच्या भिंतीवर जो दाब पडतो, तोच रक्तदाब. हृदय आकुंचन पावते तेव्हा हा दाब सर्वाधिक असतो; त्यास आकुंचनकालीन, किंवा बोलीत 'वरचा' रक्तदाब म्हणतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हाचा दाब हा प्रसरणकालीन, अर्थात 'खालचा' रक्तदाब. १२०/८० असे लिहितात त्यातील पहिला आकडा वरच्या आणि दुसरा खालच्या दाबाचा असतो.

हा आकडा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये का सांगतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घोडीच्या रोहिणीत नळी घालून त्याने ती उंच काचनळीला जोडली, तेव्हा रक्ताचा स्तंभ आठ फुटांहून उंच चढला. रक्तदाब प्रत्यक्ष मोजण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. माणसाचा १२० चा दाब पाण्याच्या नळीने मोजायचा तर ती दीड मीटरहून उंच लागेल. पारा पाण्याहून साडेतेरा पटींहून अधिक जड असल्याने तेवढेच काम वीतभर उंचीत होते. दंडाला हवेचा पट्टा बांधण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये काढली. पट्ट्याखालील रोहिणीतून येणारे ध्वनी स्टेथोस्कोपने ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोत्कॉफ यांनी १९०५ मध्ये सांगितली. आपल्या डॉक्टरांच्या टेबलावर वर्षानुवर्षे दिसलेले उपकरण या दोघांच्या कल्पनांवर आधारलेले आहे. पाऱ्याच्या विषारीपणामुळे आता त्याची जागा पारारहित उपकरणे घेत आहेत. मोजण्याचे एकक मात्र जुनेच राहिले आहे.

कोणता आकडा 'उच्च'?

दिवसभरात रक्तदाब सतत खालीवर होत असतो. झोपेत तो उतरतो, पहाटे चढू लागतो, जिना चढताना अथवा रागाच्या भरात उसळतो आणि पुन्हा खाली येतो. या चढउताराला विकार म्हणता येत नाही. विश्रांतीच्या स्थितीतही तो वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजमापांत १४०/९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, म्हणजे उच्च रक्तदाबाचे निदान होते. वरचा वा खालचा, कोणताही एक आकडा मर्यादेबाहेर असला तरी पुरेसे आहे. घरी मोजताना ही मर्यादा १३५/८५ मानतात, कारण दवाखान्यातील ताण घरी नसतो.

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१७ साली ही सीमा १३०/८० वर आणली. भारतात आणि युरोपात निदानाची रेषा १४०/९० हीच धरली जाते. तथापि युरोपीय तज्ज्ञांनी २०२४ मध्ये १२०/७० पासून पुढच्या दाबालाही 'वाढता' असे नाव दिले आहे. वाचकाने या मतभेदाने गोंधळून जाऊ नये. धोका एखाद्या आकड्यावर अचानक सुरू होत नाही, तो चढणीसारखा वाढत जातो. सुमारे दहा लाख व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २००२ साली प्रसिद्ध झाले. ४० ते ६९ या वयात ११५/७५ पासून वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने वाढला, की पक्षाघाताने व हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे त्यात दिसून आले.

वाढतो तरी कशामुळे?

शंभरातील नव्वदहून अधिक रुग्णांत एकच असे कारण दाखवता येत नाही. आनुवंशिकता, वाढते वय, अति मीठ, स्थूलपणा, बैठे काम, मद्यपान, अपुरी झोप आणि दीर्घकाळचा ताण यांचा तो एकत्रित परिणाम असतो. शरीरात रक्तदाबाचा तोल सांभाळणारे मुख्य इंद्रिय म्हणजे मूत्रपिंड. शरीरातील मीठ व पाणी किती ठेवायचे आणि किती बाहेर टाकायचे हे तेच ठरवते. दाब घसरला असे वाटताच ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मीठ राखून ठेवले जाते. ही व्यवस्था रक्तस्राव किंवा निर्जलीकरणाच्या प्रसंगी जीव वाचवणारी आहे. तीच गरज नसताना कार्यरत राहिली, की घातक ठरते.

उरलेल्या थोड्या रुग्णांत मात्र निश्चित कारण सापडते: मूत्रपिंडाचे आजार, मूत्रपिंडाच्या रोहिणीतील अरुंदपणा, अधिवृक्क ग्रंथींतील संप्रेरकांची अतिनिर्मिती, थायरॉइडचे विकार, अथवा घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडखळण्याचा विकार. वेदनाशामक गोळ्या, स्टेरॉइड, नाक मोकळे करणारी औषधे आणि काही गर्भनिरोधक गोळ्या यांनीही दाब वाढतो. तिशीच्या आत रक्तदाब वाढला, अकस्मात फार चढला किंवा तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही उतरला नाही, तर अशा कारणांचा शोध घेणे आवश्यक ठरते.

एका राष्ट्राध्यक्षाची कहाणी

उच्च रक्तदाबावर उपचार न केल्यास काय होते, याचे इतिहासातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. १९३५ साली त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९४१ पर्यंत तो १८८/१०५ वर गेला. १९४४ च्या मार्चमध्ये तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रूएन यांनी त्यांना तपासले तेव्हा तो १८६/१०८ होता. हृदय मोठे झाले होते आणि त्याची कार्यशक्ती खालावू लागली होती. त्या काळी वैद्यकाच्या हाती होते ते विश्रांती, कमी मिठाचा आहार, झोपेची सौम्य औषधे आणि हृदयासाठी डिजिटॅलिस. वाढलेला दाब खाली आणणारे सुरक्षित औषध उपलब्धच नव्हते. शिवाय वयानुसार कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त ढकलण्यासाठी अधिक दाब 'आवश्यक' आहे, असा समज अनेक नामवंत वैद्यांचाही होता.

१२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी रूझवेल्ट यांनी डोक्यात तीव्र वेदना होत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध पडले. त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदला गेला. मेंदूतील रक्तस्रावाने काही तासांतच त्यांचे निधन झाले. ते ६३ वर्षांचे होते. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे मिळू शकले नाही, ते औषध आज आपल्या गल्लीतील दुकानात अल्प किमतीत आणि शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. म्हणूनच आज या विकाराने होणाऱ्या प्रत्येक पक्षाघाताकडे पाहताना खेद अधिक वाटतो.

१९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. उच्च रक्तदाब हा हृदयविकार व पक्षाघाताचा पूर्वसूचक आहे, हे त्यातून निर्विवादपणे पुढे आले. दाब उतरवल्याने प्राण वाचतात याचा भक्कम पुरावा १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अभ्यासाने दिला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ रुग्णांपैकी औषधे मिळालेल्या गटात गंभीर उपद्रव अगदी थोडे झाले. औषध न मिळालेल्या गटात ते कितीतरी अधिक होते.

कोणत्या अवयवांवर आघात होतो?

या विकाराला 'मूक मारेकरी' म्हणतात ते उगाच नव्हे. डोके दुखणे, चक्कर येणे, घाम फुटणे ही उच्च रक्तदाबाची ठरलेली लक्षणे आहेत असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे कोणताच त्रास होत नाही. याच काळात शरीरात पुढील बदल घडत असतात.

मेंदू : पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण उच्च रक्तदाब हेच आहे. सततच्या दाबाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या ठिसूळ होऊन फुटतात, अथवा त्यांच्या भिंती जाड होऊन रक्तप्रवाह अडतो. मध्यम वयातील दुर्लक्षित रक्तदाबाचा उतारवयातील स्मृतिभ्रंशाशीही संबंध आहे.

हृदय : अधिक दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. व्यायामाने दंडाचा स्नायू पिळदार व्हावा तसा हा प्रकार नव्हे. जाड झालेला कप्पा ताठर होतो आणि पुढे थकतो. चालताना दम लागणे, पायांवर सूज येणे, रात्री उताणे झोपले असता श्वास कोंडणे ही हृदय अशक्त झाल्याची चिन्हे होत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत मेदाचे थर साचण्याची क्रियाही वेगाने होते आणि हृदयविकाराच्या झटक्याला निमंत्रण मिळते.

मूत्रपिंड : येथील सूक्ष्म गाळण्या दाबाने निकामी होत जातात. दुखत काहीच नाही. लघवीतून प्रथिन जाऊ लागणे हा पहिला इशारा असतो आणि तो केवळ तपासणीतच कळतो. मूत्रपिंड बिघडले की रक्तदाब आणखी वाढतो. मधुमेह सोबतीला असेल तर हे दुष्टचक्र अधिकच वेगाने फिरते आणि डायलिसिसची वेळ लवकर येते.

डोळे : दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्या डॉक्टरांना उपकरणातून प्रत्यक्ष दिसतात. शरीरातील इतर रक्तवाहिन्यांची अवस्था काय असेल याचा अंदाज त्यांवरून येतो. दुर्लक्ष झाल्यास तेथे रक्तस्राव होऊन दृष्टी अधू होते.

महारोहिणी : हृदयातून निघणाऱ्या या मुख्य रक्तवाहिनीला फुगवटा येणे अथवा तिचा अस्तर फाटणे हा विरळा, परंतु प्राणघातक उपद्रव आहे.

मोजमाप अचूक हवे

चुकीच्या पद्धतीने घेतलेल्या आकड्यावर आयुष्यभराचे औषध सुरू होऊ नये, तसेच खरा विकार नजरेतून सुटूही नये. त्यासाठी पुढील काळजी घ्यावी.

१. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, धूम्रपान व व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे.
२. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पायावर पाय टाकू नये.
३. दंड उघडा असावा आणि टेबलावर हृदयाच्या पातळीत टेकलेला असावा. पट्टा दंडाच्या घेराला साजेसा हवा. लहान पट्ट्याने आकडा खोटाच वाढतो.
४. मोजत असताना बोलू नये.
५. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी काढावी. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे आणि पुढे ज्या दंडावर आकडा अधिक येतो तोच वापरावा.

काहींचा दाब डॉक्टरांसमोरच वाढतो. काहींचे याउलट असते : दवाखान्यात आकडा योग्य आणि घरी वा कामाच्या ठिकाणी वाढलेला. हा दुसरा प्रकार अधिक फसवा, कारण तो सहज निसटतो. घरच्या घरी मोजणे किंवा चोवीस तास दाब नोंदवणारे उपकरण लावणे, हा दोन्हींवरील उपाय आहे. घरासाठी मनगटाचे नव्हे, तर दंडाचे, प्रमाणित झालेले उपकरण घ्यावे. सात दिवस सकाळी व सायंकाळी मोजून तारखेसह लिहिलेली वही डॉक्टरांना दाखवावी. मात्र दर तासाला पट्टा बांधून धास्तावणे हेही योग्य नव्हे. वयाच्या अठराव्या वर्षानंतर प्रत्येकाने रक्तदाब तपासून घ्यावा आणि चाळिशीनंतर तर वर्षातून एकदा अवश्य.

मीठ आणि आपले ताट

आहारातील मिठाचे प्रमाण दिवसाला पाच ग्रॅमहून, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभराहून कमी असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हे प्रमाण सरासरी आठ ग्रॅमच्या आसपास आढळले आहे. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे वाढण्याची रीत आहे. त्यावर पापड, सांडगे, कुरडई येते. मीठ भाजी-आमटीत असते, कणकेत असते आणि ताकातही पडते. किनारपट्टीवर त्यात खारवलेल्या मासळीची भर पडते. शहरी जीवनात फरसाण, वेफर्स, पाव, बिस्किटे, सॉस, झटपट शिजणाऱ्या शेवया आणि हॉटेलातील जेवण यांतून नकळत पोटात जाणारे मीठ वेगळेच.

मीठ पूर्ण सोडण्याची आवश्यकता नाही. ताटात वाढलेले वरचे मीठ बंद करणे, कणकेत व भातात ते न घालणे, पापड-लोणचे रोजचे न ठेवता सणावारापुरते ठेवणे आणि पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचणे एवढ्यानेही फरक पडतो. लिंबू, आमसूल, जिरे, मिरे, कोथिंबीर यांनी चव सांभाळता येते. जिभेला नव्या चवीची सवय काही आठवड्यांत होते. सैंधव किंवा पादेलोण घेतल्याने रक्तदाब वाढत नाही, हा समज चुकीचा आहे; त्यांतही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच असते. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाचा मात्र उपयोग होतो. चीनच्या सहाशे खेड्यांतील सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच वापरू नये.

मिठाबरोबरच पालेभाज्या, फळे, कडधान्ये आणि सायविरहित दूध यांचा आहारात समावेश, वजन कमी करणे, आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपाट्याने चालणे, तंबाखू व धूम्रपानाचा त्याग आणि मद्यपानास नकार हे उपाय सर्वमान्य आहेत. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलोने घटले की वरचा दाब साधारण एक मिलिमीटरने उतरतो. प्राणायाम, ध्यान, पुरेशी झोप यांचा मनःस्वास्थ्यास लाभ होतोच. पण ती औषधांची जागा घेतात असे समजू नये.

सर्पगंधा ते आजची गोळी

या विकाराच्या उपचारांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मानाचे आहे. केईएम रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर अभ्यास केला आणि १९४९ साली तो 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय वैद्यकाला ही मुळी पूर्वीपासून परिचित होती आणि १९३१ मध्ये सेन व बोस यांनीही तिच्याविषयी लिहिले होते. पण पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष वेधले ते वकील यांच्या निबंधाने. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि रक्तदाबावरील पहिल्या परिणामकारक औषधांमध्ये त्याची गणना झाली. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येत असल्याने आज ते क्वचितच दिले जाते. म्हणून सर्पगंधेची पूड 'नैसर्गिक' आहे अशा समजुतीने मनाने घेऊ नये.

१९५८ पासून लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी थायझाइड औषधे वापरात आली. पुढे ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखणारे कॅप्टोप्रिल तयार झाले आणि १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. आज मुख्यतः तीन प्रकारची औषधे प्रथम दिली जातात : थायझाइड आणि त्यासारखी मूत्रल औषधे, रक्तवाहिन्या सैल करणारी अॅम्लोडिपिनसारखी औषधे आणि अँजिओटेन्सिनला अडवणारी एनालाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे. अनेकांना एकाऐवजी दोन औषधांची अल्प मात्रा अधिक मानवते. पावलांवर सूज, कोरडा खोकला, सोडियम-पोटॅशियममधील फेरफार असे दुष्परिणाम संभवतात. ते डॉक्टरांना सांगितले तर औषध बदलता येते. परस्पर बंद करणे हा त्यावरील उपाय नव्हे.

याचा लाभ किती? वरचा दाब दहा मिलिमीटरने उतरवला असता पक्षाघाताचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी, हृदय अशक्त होण्याचे २८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे १३ टक्क्यांनी घटते, असे अनेक चाचण्यांच्या २०१६ मधील एकत्रित विश्लेषणात आढळले. दाब कुठवर उतरवावा हे वय, सोबतचे आजार आणि रुग्णाची सहनशक्ती पाहून ठरते. बहुतेक प्रौढांत १३०/८० च्या आत आणण्याकडे आज तज्ज्ञांचा कल आहे. उभे राहताच तोल जाणाऱ्या अतिवृद्धांत अधिक सबुरी बाळगावी लागते.

काही रूढ गैरसमज

'वय अधिक शंभर एवढा वरचा रक्तदाब चालतो.' : हा हिशेब कालबाह्य झाला आहे. साठीपुढील व्यक्तींमध्ये फक्त वरचा दाब वाढलेला असताना तो उतरवल्यास पक्षाघात ३६ टक्क्यांनी घटतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. ऐंशीपुढील रुग्णांनाही उपचारांचा लाभ होतो, हे २००८ च्या अभ्यासाने दाखवले.

'दाब उतरला, आता गोळी कशाला?' : तो गोळीमुळे उतरला आहे. मूळ प्रवृत्ती कायम असते. वजन आणि आहार यांत मोठा बदल घडल्यास मात्रा कमी होऊ शकते, पण तो निर्णय डॉक्टरांचा.

'एकदा गोळी सुरू केली की सवय लागते.' : ही औषधे व्यसन लावणारी नाहीत. काही औषधे अचानक थांबवल्यास दाब उसळी मारतो, एवढ्यासाठी ती आपल्या मनाने सोडू नयेत.

'मी शांत स्वभावाचा, मला बीपी कसा असेल?' : स्वभावावरून रक्तदाब कळत नाही. तो केवळ मोजूनच कळतो.

'दाब फार वाढला की जिभेखाली गोळी ठेवावी.' : निफेडिपिनची कुपी फोडून जिभेखाली घेण्याचा प्रघात एके काळी होता. त्याने दाब एकदम कोसळून मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. हा प्रकार आता निषिद्ध मानला जातो.

गर्भारपणातील सावधगिरी

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच रक्तदाब वाढणे, ही माता आणि बाळ दोघांसाठी जोखमीची बाब आहे. त्याबरोबर लघवीतून प्रथिन जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात वेदना अथवा चेहऱ्यावर एकाएकी सूज दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. अन्यथा झटके येऊ शकतात. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन या गटांतील औषधे गर्भाला अपायकारक असतात. ती घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करतानाच डॉक्टरांशी बोलून सुरक्षित औषध निवडावे. ज्यांना गर्भारपणात हा त्रास झाला, त्यांनी बाळंतपणानंतरही दरवर्षी रक्तदाब तपासावा, कारण पुढील आयुष्यात तो वाढण्याचा संभव अधिक असतो.

केव्हा क्षणाचाही विलंब नको?

दाब १८०/१२० च्या पुढे असेल आणि सोबत छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे, दृष्टी अंधुक होणे किंवा गोंधळलेपणा असेल, तर ती आणीबाणी समजावी. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची चिन्हे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता, लक्षणे सुरू झाल्याची वेळ नोंदवून, मेंदूचे सीटी स्कॅन होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचावे. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. कोणतेही लक्षण नसताना केवळ आकडा मोठा दिसला, तर मात्र घाबरून न जाता शांत बसून पुन्हा मोजावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधावा.

उपाय हाताशी आहेत

भारत सरकारने २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा विशेष उपक्रम सुरू केला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. ठरावीक क्रमाने दिली जाणारी मोजकी औषधे, त्यांचा अखंड पुरवठा, परिचारिकांनी घेतलेली मोजमापे आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा अशी त्याची साधी मांडणी आहे. २०२२ मध्ये या उपक्रमास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. रक्तदाब आटोक्यात आणण्यासाठी अद्ययावत यंत्रसामग्रीपेक्षा सातत्य अधिक मोलाचे आहे, हा त्याचा धडा होय.

शहरी वाचकाला औषध मिळत नाही, अशी स्थिती सहसा नसते. अडते ते सातत्यापाशी. काहीच दुखत नसताना रोज गोळी घेणे मनाला पटत नाही. प्रवासात ती राहून जाते, महिनाअखेरीस पाकीट संपते आणि 'बरे वाटते आहे' म्हणून नवे आणले जात नाही. गोळी ठरावीक वेळेशी, उदाहरणार्थ सकाळच्या चहाशी, जोडून ठेवणे, पाकीट संपण्याच्या आठवडाभर आधी नवे आणणे आणि घरातील दुसऱ्या कोणाला तरी या नेमाचे साक्षीदार करणे, या साध्या गोष्टी येथे कामी येतात. दरवर्षी १७ मे हा जागतिक उच्च रक्तदाब दिन म्हणून पाळला जातो. परंतु तपासणीसाठी त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांनी गेल्या वर्षभरात एकदाही रक्तदाब मोजलेला नाही, त्यांनी या आठवड्यात तो अवश्य मोजून घ्यावा, आणि घरातील तिशी ओलांडलेल्या प्रत्येकालाही बरोबर न्यावे.